न उडालेलं काडतूस

१९९६ साल. मला एकसष्ट पुरी झाली होती, आणि कमरेला लावायचं एक छोटं हत्यार विकत घ्यायचं असं मी ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे ठरवलं. बायको नको म्हणाली. कचेरीतल्या कारकुनाने सात फेऱ्या मारायला लावल्या आणि प्रत्येक फेरीला मला नीट न्याहाळून पाहिलं, जणू या वयात मी कुणाचा खून करायला निघालो होतो. आठव्या फेरीला परवान्याचा कागद मिळाला. तीन महिन्यांत हत्यार घ्यायचं, नाहीतर कागद रद्द.

कशाला हवं होतं ते सांगतो. आमची जमीन तिरुवैयारुच्या पलीकडे, कोळ्ळिडम नदीच्या अंगाला. ऊस आणि भात. नदीच्या पात्रात माणसाच्या डोक्यावर जाईल असं बोरूचं रान, आणि त्यात रानडुकरं. एका कळपाने मनावर घेतलं की सकाळी शेतात नांगर फिरवल्यासारखं दिसायचं. मग वन खात्याची लेखी परवानगी काढून आम्ही दिवसाउजेडी रान उठवायचो. चार माणसं डबे बडवत आत शिरायची आणि मी बांधावर एकनळी बंदूक घेऊन उभा. कागदावर त्याला शिकार म्हणायचं नाही, पीकरक्षण म्हणायचं. म्हणा बापडे. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर तलवार लावून या तमिळ मुलखात आले. त्यांच्या वंशातला माणूस बंदूक घेऊन उभा राहिला तर त्याला मी शिकारच म्हणतो.

एकनळी म्हणजे एकच बार. म्हणून माझ्या डाव्या हाताला माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, भाला घेऊन उभा राहायचा. तो तिरुवैयारुला एका शाळेत कारकून. अंगाने काटकुळा, पण पाय रोवून उभा राहणारा.

आदल्या वर्षी दसरा होऊन चार दिवस झाले होते. बोरूतून कळप सोडून एकटा फिरणारा एक एकुलगा नर थेट आमच्यावर आला. मी नेम धरला, चाप ओढला. टक्. एवढंच. काडतूस उडालंच नाही. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मेहुणा माझ्यासमोर आला, भाला रुतला, मोडला, आणि डुकराचा सुळा त्याची मांडी फाडून गेला. तंजावूरच्या सरकारी दवाखान्यात तो पाच आठवडे पडून होता. पाय राहिला, पण वाकडा. सायकल सुटली. बसची पायरी चढताना हाताने पाय उचलून ठेवायचा.

ते न उडालेलं काडतूस मी त्याच दिवशी बंदुकीतून काढलं, फडक्यात बांधलं आणि लायसन्सच्या पुस्तकाबरोबर पेटीत ठेवलं. पुरावा म्हणून. कारण काडतुसांचं ते खोकं मेहुण्यानेच आणलं होतं. मला ताप होता म्हणून माझं पुस्तक आणि सहीची चिठ्ठी घेऊन तोच तिरुच्चीच्या दुकानात गेला होता. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला एकच विचार. पंचवीसातलं नेमकं तेच का फसावं? दुकानदाराने जुना, ओल लागलेला माल याच्या गळ्यात मारला, की याने जाणूनबुजून घेतला? दवाखान्यात मी त्याच्या खाटेशी बसायचो तेव्हाही त्याच्या तोंडाकडे बघून हाच हिशेब करायचो.

मनात ठेवलं असतं तर एक वेळ. पण मी आमच्या नाक्यावरच्या चहाच्या दुकानात ते बोललो. चारचौघांत. “मेहुण्याने कुजकी काडतुसं आणली, स्वतःच भोगलं.” ते त्याच्यापर्यंत जायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. त्याचा निरोप आला: “भावजींना सांगा, मी खोक्याचं झाकणही उघडलं नव्हतं.” त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही. पोंगलला भावाने बहिणीकडे ऊस, गूळ, हळदीचं रोप घेऊन यायचं असतं. त्याने ते बसच्या कंडक्टरच्या हातून पाठवलं. बायकोने ऊस भिंतीला टेकून ठेवला आणि मला म्हणाली, “माझ्या भावाचा पाय गेला, आणि तुम्ही काडतूस सांभाळत बसलाय.”

मी म्हटलं, “खरं काय ते कळू दे.”

“कळलं आणि तो खरा निघाला, तर?”

तो खरा निघणार नाही याची मला खात्री होती.

मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी संपता संपता, मी तिरुच्चीला गेलो. बंदूक कापडी गवसणीत घालून बरोबर घेतली, कारण नवीन काडतुसं आता मी तिथेच माझ्या बंदुकीत लावून बघितल्याशिवाय घेणार नव्हतो. फडक्यातलं काडतूसही घेतलं. पण त्याआधी त्याच्या पितळी बुडावर पात्याने तीन रेघा ओरखडल्या. दुकानदार लोक हातचलाखीत पटाईत असतात.

दुकान अरुंद. एका कोपऱ्यात टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं. त्या वर्षांत ज्या त्या दुकानात टीव्ही आणि ज्या त्या टीव्हीवर क्रिकेट. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला. बंदुका तो स्वतःच दुरुस्त करायचा. बोलणं अर्थात तमिळमध्येच झालं.

“कशासाठी हवंय, अय्या?”

“डुकरासाठी.”

“डुकराला पिस्तूल?”

“बंदूक फसली तर हाताशी दुसरं काही हवं.”

त्याने हिरव्या फडक्यावर दोन हत्यारं ठेवली. एक सरकारी कारखान्याचं कोरं रिव्हॉल्व्हर. दुसरं जुनं, परदेशी, काळंभोर पिस्तूल. ते मला एकदम आवडलं, म्हणून मी आधी त्याच्याकडे पाठ केली.

मग उचललं. मी चौथीपर्यंत शिकलेला. त्याच्यावर कोरलेलं इंग्रजी मला वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही हे दाखवायचंही नव्हतं. मी नळीचा वास घेतला.

“हे कुणाचं?”

“एका इस्टेटवाल्याचं. मुलाने विकलं.”

“का विकलं?”

“बाप गेला.”

“कशाने गेला?”

“साखरेच्या दुखण्याने, अय्या. याची एकही गोळी त्याला लागली नाही.”

मी हसलो नाही. तोही नाही.

मग त्याने समजावलं. पिस्तुलाची गोळी फसली तर वरचा भाग मागे खेचून ती बाहेर काढावी लागते, त्याला दोन्ही हात लागतात, आणि तुमच्या एका हातात बंदूक असणार. रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. एक गोळी फसली तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र फिरतं, पुढची गोळी समोर येते. मला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच संशय आला. कोऱ्या रिव्हॉल्व्हरच्या खोक्यावर बोट फिरवलं. धूळ.

“खपत नाही वाटतं?”

“बाहेर रस्ता खणलाय. माझ्या डोक्यावरही तेवढीच धूळ आहे, बघा.”

मी रिव्हॉल्व्हरचा चाप ओढून पाहिला. जड होता. दुसरं बोटही लावावं लागलं आणि त्याने ते पाहिलं. मी हत्यार खाली ठेवलं आणि म्हटलं, “तेल कमी आहे याला.”

त्याने चष्मा पुसला. मग म्हणाला, “खरं सांगू का? या बत्तीस बोअरच्या गोळीने पळत आलेलं डुक्कर थांबत नाही. चिडतं. मोठ्या बोअरचं सरकार तुम्हाआम्हाला देत नाही. त्यापेक्षा शेजारी भाला घेऊन एखादा धीराचा माणूस उभा करा.”

झालं. माझं डोकं फिरलं. गिऱ्हाईक पैसे घेऊन समोर उभं, आणि हा म्हणतो घेऊ नका? असा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. भाल्याची गोष्ट याला कुणी सांगितली? तिरुवैयारुला आता पावलोपावली टेलिफोनचे बूथ झाले होते. मेहुण्याने याला फोन केला असणार. दोघांचं आधीपासून जमलेलं असणार.

मी फडकं सोडलं आणि काडतूस त्याच्यासमोर आपटलं. “हे तुमच्याच दुकानचं. भाला घेऊन उभा राहिलेल्या माणसाचा पाय गेला याच्यामुळे.”

त्याला राग आला नाही. त्याने भिंग काढलं, काडतुसाचं बूड दिव्याखाली धरलं आणि बराच वेळ बघितलं. मग मला दाखवलं. मधल्या टोपीवर एक बारीकसा ठिपका होता, नखाने टोचल्यासारखा.

“टोला पुरता बसलेला नाही. खोल खड्डा पडायला हवा.”

“म्हणजे?”

“म्हणजे बंदूक द्या इकडे.”

“आधी काडतुसाचं बोला.”

“बरं,” तो म्हणाला. फळीवरची स्वतःची बंदूक घेऊन तो मागच्या अंगणात गेला. मी त्याच्या मागोमाग. तिथे वाळूने भरलेलं पिंप होतं. माझं काडतूस त्याने त्या बंदुकीत घातलं, नळी पिंपात रोखली आणि चाप ओढला.

असा बार झाला की कडुनिंबावरचे सगळे कावळे उठले. टीव्हीसमोर बसलेलं दुकानातलं पोरगं धावत बाहेर आलं.

मी ओरडलो, “बदललंत तुम्ही! दुसरं घातलंत!”

त्याने बंदूक उघडली आणि रिकामं काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं. गरम होतं. बुडावर तीन रेघा. मीच ओढलेल्या.

तो आत गेला. मी आत आलो तेव्हा त्याने माझ्या बंदुकीचा घोडा उचलून त्याखालची टोलाची खीळ बाहेर काढायला घेतली होती. ती निघेना. हलक्या हातोडीने ठोकून ठोकून निघाली. तिच्या भोकात काहीतरी पिवळं, दगडासारखं घट्ट झालेलं भरलं होतं. सुईने टोकरून त्याने ते कागदावर पाडलं, चिमटीत चुरगाळलं आणि नाकाशी नेलं.

“चंदन,” तो म्हणाला.

आता सांगतो. दसऱ्याच्या आयुधपूजेला आमच्या घरी कोयता, कुदळ, पाण्याचा पंप, मोपेड, सगळ्याला गंध लागतं. पण बंदुकीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. पूजाही मीच करायची. इथले शेजारी हत्याराला ठिपका लावतात. मी म्हणायचो, ठिपका दुकानदारांनी लावावा. आमच्या घरात हत्यार देव आहे. सहाणेवर चंदन उगाळून वाटीभर करायचो आणि बंदूक घोड्यापासून नळीच्या तोंडापर्यंत माखायचो. अठरा वर्षं. आणि देवाचं चंदन फडक्याने पुसायचं नाही, वाळून आपोआप गळू द्यायचं, हा माझाच नियम. दर वर्षी थोडं ओलं चंदन त्या भोकात उतरत गेलं. आदल्या दसऱ्याला भोक भरलं. चार दिवसांनी डुक्कर आलं.

“तुम्ही हे पुसत नाही?” दुकानदाराने विचारलं.

“नाही.”

त्याने खीळ रॉकेलात धुतली, तेल लावलं, जागेवर बसवली आणि घोडा दोनदा पाडून दाखवला. आवाजच वेगळा होता. इतक्या वर्षांत मी तो आवाज विसरलो होतो.

“यातलं कुठलं देऊ?” त्याने हिरव्या फडक्याकडे हात केला.

मी म्हटलं, “एकही नको.”

त्याने गळ घातली नाही. दोन्ही हत्यारं गुंडाळून ठेवली. निघताना मी मागे वळून पाहिलं, हसतोय का म्हणून. तो क्रिकेट बघत होता.

संध्याकाळी घरी पोचलो. बायको स्वयंपाकघरात शेंगा निवडत होती. माझी कंबर रिकामी आहे हे तिने पाहिलं.

“नाही घेतलं?”

“नाही.”

“आणि ते काडतूस?”

“उडालं.”

तिचे हात थांबले. तिने एवढंच विचारलं, “मग?” मी बंदूक खुंटीला लावली आणि पाय धुवायला विहिरीवर गेलो. ती मागून आली नाही. रात्री तिने भात वाढला, रसम वाढलं, पण माझ्या बाजूला बसली नाही. आणि मला ते बोलता आलं नाही. एकसष्ट वर्षांत “चुकलं” हा शब्द मी कुणाला म्हटला नव्हता. तो कुठून सुरू करायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेली वेष्टी नेसलो आणि आधी नाक्यावरच्या चहाच्या दुकानात गेलो. नेहमीचीच माणसं होती. मी बसलो नाही. उभ्याने म्हटलं, “मेहुण्याने आणलेलं काडतूस चांगलं होतं. बंदूक मी बिघडवली होती.” कुणी काही विचारायच्या आत मी बाहेर पडलो, आणि समोर आलेली तिरुवैयारुची बस धरली.

मेहुणा घराबाहेरच्या ओट्यावर पायाला तेल चोळत होता. मला बघून त्याने वेष्टी खाली ओढली, जखम झाकली.

“या, भावजी.”

“काडतूस चांगलं होतं,” मी म्हटलं. “मी त्यात चंदन भरलं होतं. म्हणजे बंदुकीत. अठरा वर्षं.”

“हे तुम्ही मला सांगताय. तिथे चारचौघांत सांगाल?”

“सांगून आलोय.”

तेलाची वाटी त्याने बाजूला ठेवली. मग म्हणाला, “आणि पिस्तूल? मोठा गाजावाजा ऐकला होता.”

“घेतलं नाही.”

“बरं केलंत. त्याचीही पूजा केली असतीत.”

मला राग आला. त्याने आत बघून कॉफी सांगितली, आणि मी ती पिऊनच उठलो.