तांबीची तीन वर्षं

तांबी काढताना किती दुखतं, हे मला आजवर कितीतरी बायकांनी विचारलंय. कुणी लग्नात कोपऱ्यात घेऊन, कुणी नळावर पाणी भरता भरता. मी सगळ्यांना एकच सांगते. काढताना एक हिसका बसतो आणि तुम्ही 'आई गं' म्हणेपर्यंत ती बाहेर आलेली असते. नवी बसवताना मात्र पोटात कळ येते, पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी, जरा जास्तच. तेवढी तयारी ठेवायची आणि घरून पोटभर खाऊन निघायचं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला जे सांगितलं होतं ते ऐकून शहाणी बाई दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरली असती.

तेव्हा आम्ही इंदापूर तालुक्यात भवानीनगरजवळ वस्तीवर राहायचो. नव्वदीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आमचे हे कारखान्यात बॉयलरवर कामाला होते आणि घरचा थोडा ऊस होता. घरात सासरे, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई. आत्याबाईंनी हाक मारली की कॅनॉलपलीकडची माणसंसुद्धा 'आलो आलो' म्हणायची. घरात शब्द त्यांचाच चालायचा. तात्यांनी मिशा वाढवल्या होत्या एवढंच.

मला दोन मुली. दुसरीच्या वेळी घरीच बाळंत झाले आणि वार अडकली. रक्त काही केल्या थांबेना. ऐन गळिताचा हंगाम, जीप मिळेना, म्हणून उसाची ट्रॉली रिकामी करून तिच्यात गादी टाकली आणि मला बारामतीला नेलं. त्या वाटेतलं मला फक्त पाचटाचा वास आठवतो. दवाखान्यात रक्ताच्या बाटल्या चढल्या आणि मी वाचले. सव्वा महिन्यानं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट राहू नये म्हणून तांबी बसवली आणि घरच्यांना बजावलं, निदान तीन वर्षं हिच्या पोटाला विसावा द्या.

घरच्यांनी त्यातलं 'तीन वर्षं' तेवढं उचललं. आत्याबाईंना कॅलेंडर वाचता यायचं नाही, त्यांचा हिशोब उसावर. आडसाली ऊस दीड वर्षाचा, म्हणून त्या येईल त्याला सांगायच्या, "दोन आडसाली तुटून गेल्या की तांबी बी निघंल. मग नातू." मी भाकऱ्या थापत हे ऐकायची. शेतात ऊस वाढताना बघून सगळ्यांना बरं वाटतं, मला धडकी भरायची.

दुसरी आडसाली कारखान्याला गेली आणि वस्तीवर माझ्या तांबीची चर्चा सुरू झाली. शेजारच्या काकी, आमच्या चुलत सासू, त्यांच्याकडं तर माहितीचा खजिना होता. म्हणाल्या, "तांबी मूळ धरती बाई. वढली की मांसासंगट येती." त्यांच्या माहेरी, लोणी भापकरला, एकीची तांबी म्हणे वर चढत चढत बरगडीला जाऊन बसली होती. "शिंकली का टोचायची तिला." मी दहावी पास झालेली बाई, पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून शिंक आली की बरगडीवर हात जायचा.

पण खरी भीती ती नव्हतीच. तांबी काढून मोकळं पोट घेऊन घरी यायचं, याची भीती होती. मला ती ट्रॉली पुन्हा नको होती. मला जगायचं होतं, माझ्या दोन पोरींच्या वेण्या घालायच्या होत्या. यांना म्हटलं, "मी नवी बसवून घेणार."

"आईला विचार."

"पोट माझं हाय. त्यांना काय विचारू?"

"मग तू बघ," असं म्हणून यांनी डबा उचलला आणि शिफ्टला गेले. 'तू बघ' हे यांचं सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर. लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती आणि मी आपली बघतच होते.

मग मी मनाशी ठरवलं. दवाखान्यात आपण एकटीनंच आत जायचं, डॉक्टरीणबाईंच्या कानात सांगायचं आणि घरी काय ते पुढचं पुढं. पाळीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी या, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्या दिवसांत काढणं-बसवणं सोपं जातं. आता ही तारीख लपवावी तरी कशी? आमच्याकडं तेव्हा बायका चार दिवस बाजूला बसायच्या. माझी पाळी मला कळायच्या आत वस्तीला कळायची. पाचव्या दिवशी मी डोक्यावरून पाणी घेऊन बाहेर आले, तर आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या.

"मी बी येते."

"तुमी कशाला आत्याबाई? उनाचं?"

"काढल्याली बघायची हाय मला. माझ्या म्होरं काढू दे."

एसटीत राग इतका आला होता की खिडकीचा गज धरून बसले होते. दवाखान्यात बाकावर नंबर लावला. माझं नाव पुकारल्यावर मी उठले, त्याही उठल्या आणि माझ्या आधी आत शिरल्या.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड पाहिलं. "तीन वर्षं झाली, हो ना? नुसती काढायची, की काढून नवी बसवायची?" भाजीवाली 'कोथिंबीर टाकू का' विचारते, इतक्या सहज त्यांनी विचारलं.

जे कानात सांगायचं होतं ते आता सासूसमोर सांगायचं होतं. आत्याबाई माझ्याकडं बघतही नव्हत्या. भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं, त्याच्याकडं बघत होत्या. मला ती ट्रॉली आठवली, पाचटाचा वास आठवला.

"नवी बसवा," मी म्हणाले. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. "तिसरं बाळंतपण न्हाय झेपायचं मला. मला मरायचं न्हाय."

नर्सनं हातातली बाटली खाली ठेवली. डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडं, एकदा आत्याबाईंकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "आजी, तुम्ही बाहेर बसता का जरा?"

"न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "मी हितंच थांबते."

मग टेबलावर झोपायचं, पाय दुमडून गुडघे बाजूला करायचे. लाज वाटतेच, पण ती पहिल्या मिनिटाची. आत एक लोखंडी हत्यार घालतात, बदकाच्या चोचीसारखं. ते गार लागतं, दुखत नाही. अंग आवळून धरलं तर मात्र टोचतं, म्हणून डॉक्टरीणबाई सारख्या म्हणत होत्या, सैल सोडा, सैल सोडा. तांबीला खाली दोन दोरे असतात. ते दिसले की चिमट्यात धरायचे आणि ओढायचं, एवढंच काम.

"दोरे दिसतायत. आता मोठा श्वास घ्या आणि खोका."

मी खोकले. आणि माझ्या उशाशी उभ्या आत्याबाईही खोकल्या, कॅनॉलपलीकडं ऐकू जाईल अशा.

"तुम्ही नका खोकू आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि नर्सला हसू फुटलं. त्या हसण्यातच एक हिसका बसला आणि ट्रेमध्ये काहीतरी टक् करून पडलं. मूळ नाही, मांस नाही. बोटाच्या दोन पेरांएवढी पांढरी काडी, वर आडवा दांडा, आणि तिला गुंडाळलेली काळपट झालेली तांब्याची तार.

आत्याबाईंनी वाकून पाहिलं. "ही व्हय ती? येवढीशी?" तीन वर्षं त्या जिच्यावर डोळा ठेवून होत्या ती ही. त्यांचा चेहरा मला उलटा दिसत होता, त्यामुळं त्यावर काय होतं ते कळलं नाही.

नवी बसवायच्या आधी गर्भपिशवी किती खोल आहे ते बारीक सळईनं मोजतात. तेव्हा जी कळ आली तिनं मला घाम फुटला. हाताला लागेल ते धरलं, तर तो आत्याबाईंचा हात. इतका आवळला की त्यांची एक हिरवी बांगडी वाढली. एरवी त्यांनी केवढा अपशकुन धरला असता, पण तेव्हा हात काढून घेतला नाही. "झालं हं, झालं," असं म्हणत राहिल्या. झालं नव्हतं, पण बरं वाटलं.

नंतर थोडा वेळ तसंच पडून राहायचं, लगेच उठलं की गरगरतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन-चार दिवस थोडं रक्त जाईल, पोटात दुखेल, गोळी घ्या. ताप आला किंवा फार गेलं तर लगेच या. पुढची पाळी झाली की दाखवून जा.

"ती वर चढती का वो, काळजात?" आत्याबाईंनी विचारलं.

"कधीतरी जागेवरून सरकते, म्हणून तर दाखवायला बोलावते. पण काळजाला जायला तिथून रस्ता नाही, आजी."

परतताना एसटी उसाच्या बैलगाड्यांमागं रखडली. मी घरी काय होणार याची उजळणी करत होते. तात्या ओरडतील, काकी सगळ्या वस्तीला सांगतील, आत्याबाई तर बोलणंच टाकतील. गाड्यांकडं बघत आत्याबाई अचानक म्हणाल्या, "तवा ट्रालीत तुझं डोस्कं माझ्या मांडीव हुतं. ते लुगडं म्या तीनदा धुतलं पाटाला. पानी काय निवळंना. मग दिलं तसंच सोडून पान्यात."

मला हे माहीत नव्हतं. मी पदर तोंडाला लावला आणि घर येईपर्यंत रडले. त्यांनी गप्प केलं नाही, फक्त पिशवी माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतली.

दारात तात्या बाजेवर आणि काकी जोत्यावर, दोघं वाटच बघत होते. "काय झालं?" तात्यांनी विचारलं.

"काढली," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या म्होरं काढली. ह्या डोळ्यांनी बघितली. येवढीशी हुती." मग माझ्याकडं वळून, "तू पड जा जरा. भाकऱ्या मी करते."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. यांना मी खरं काय ते सांगितलं. हे "बरं" म्हणाले. पहिल्यांदाच 'तू बघ' म्हणाले नाहीत.

पुढं दर महिन्याला मी बाजूला बसले की काकी आत्याबाईंना विचारायच्या, "आजून काय न्हाय व्हय?" "दिल देव," आत्याबाई सांगायच्या. काकींनी कुठूनतरी मुलगा व्हायचं औषध आणून दिलं, ते त्यांनी जास्वंदीच्या बुडात ओतलं. जास्वंदीला मुलगा झाला नाही, पण फुलं भरपूर आली. एकदा तात्या म्हणाले, हिला पुण्याच्या डॉक्टरला दाखवू. तेव्हा मात्र त्या कडाडल्या, "पोरी काय डोळ्याला दिसत न्हायत का तुमाला?" नातवाची हौस त्यांची कधी गेली नाही. दुसऱ्याचा मुलगा कडेवर घेतला की सोडायच्या नाहीत. ते बघून मला वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

अशी पुन्हा तीन वर्षं गेली. त्या हंगामात मोठीची चौथीची परीक्षा होती, माझं तांबीकडं लक्षच नव्हतं. पाचव्या दिवशी न्हाऊन बाहेर आले, तर आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या.

"कुठं निघाला?"

"बारामतीला. दुसरी आडसाली बी तुटून गेली की गं. तुझ्या न्हाय ध्यानात, माझ्या हाय. चल, आदी पोटभर भाकर खा."

दवाखान्यात नर्स नवी होती. माझं नाव पुकारलं तेव्हा तिनं आत्याबाईंना दारातच अडवलं. "आजी, तुम्ही बाहेर बसा. एकीलाच आत सोडतात."

"मी बाहीर कशी बसू बाई?" आत्याबाई तिला बाजूला सारत म्हणाल्या. "हिच्यासंगं मला खोकाया लागतंय."