धोंडिबा नहरीत उतरले

बेगमपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत धोंडिबा एकटेच राहायचे. महापालिकेत व्हॉल्व्हमन होते. आमच्याकडं आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, ते सोडायचं काम त्यांचं. त्यामुळं सगळा मोहल्ला त्यांना ओळखायचा, पण तेवढ्यापुरताच. "मामा, आमची लाइन कधी?" यापलीकडं त्यांना कुणी काही विचारत नसे. मीही नाही.

त्यांना जमिनीखालचं पाणी ऐकू यायचं. लहानपणी गावाकडं लोक त्यांचा हात धरून शिवारभर फिरवायचे. पोरगं थांबेल तिथं विहीर खोदायची. अशाच एका विहिरीचा कडा ढासळला आणि आत काम करणारे त्यांचे वडील गेले. आईनं कधी बोल लावला नाही, पण त्यानंतर ती त्यांच्या नजरेला नजर देईना. धोंडिबा शहरात आले, लग्न केलं नाही, आणि जे ऐकू यायचं ते चाळीस वर्षं मनातच ठेवलं.

समोरच्या खोलीत सरिता राहायची. ती वाळूजला एका कंपनीत पॅकिंगला होती. तिची आठ वर्षांची पोरगी रूपा. रूपाच्या मुठीत उजेड व्हायचा. लाइट गेली की ती उंबऱ्यावर बसून त्या उजेडात पाढे पाठ करायची आणि सरिता घाबरून म्हणायची, "मूठ झाक." धोंडिबांनी ते पाहिलं होतं. एकदा ते रूपाला म्हणाले, "मला पण येतं एक. पाणी ऐकू येतं मला."

"काय बोलतं ते?"

"बोलत नाय. वाहत राहतं, तेवढंच."

शहरात आल्यापासून त्यांनी हे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

गेल्या मार्चमध्ये तीन मुलं गायब झाली. आधी चिकलठाण्याचा शिवराज, ज्यानं हात ठेवला की कुत्र्यांच्या जखमा भरून यायच्या. मग बजाजनगरची श्रेया. पाखरं तिच्या हाकेला यायची. तिसरी रूपा, शाळेतून घरी येताना. पोलिसांनी तीन वेगळ्या तक्रारी लिहून घेतल्या. मुलांमध्ये काय सारखं आहे हे एकाही घरानं सांगितलं नव्हतं, कारण प्रत्येक घर ते लपवत आलं होतं. रस्त्यावरची माणसं मुलांबद्दल काय काय बोलतात ते ऐकून धोंडिबांना मात्र कळलं.

रूपा गायब झाल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी ते व्हॉल्व्ह फिरवत होते. जवळूनच जुनी नहर जाते, डोंगरातलं पाणी शहरात आणणारा मलिक अंबरच्या काळचा बोगदा. तिच्यातल्या पाण्याबरोबर त्यांना एक बारीक आवाज आला. तेराचा पाढा. "तेरा सक सत्त्याहत्तर." ही चूक रूपा नेहमी करायची.

ते चौकीत गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि मायेनंच विचारलं, "मामा, जेवलात का?" मग ते सरिताकडं गेले. चार दिवसांत ती वाळली होती.

"इश्वास ठेवू का मामा तुमच्यावर?"

"नको ठेवू. मी जाऊन येतो."

हर्सूलच्या बाजूला नहरीचं एक उघडं तोंड आहे. तिथून ते बॅटरी घेऊन आत उतरले. वडील गेल्यापासून ते जमिनीखाली कधी गेले नव्हते. पहिल्या दहा पावलांतच ते भिंतीला टेकून उभे राहिले. मग पाढा पुन्हा ऐकू आला. गुडघाभर पाण्यातून, फाटे फुटतील तिथं कानाच्या भरवशावर वळत ते दोन-अडीच तास चालले. पुढं भिंत फोडून केलेल्या पायऱ्या होत्या.

वर दगडी खोलीत तिन्ही मुलं बसली होती, पांढरीफटक पडलेली. त्यांच्याशेजारी पन्नाशीचा एक माणूस होता. बन्सी त्याचं नाव. लहानपणी तो बोट लावून धोंडे तरंगवायचा. बापानं जत्रेजत्रेत खेळ करवून करवून त्याचं सगळं संपवलं होतं. आता तो रोज एकेका मुलाचा हात धरायचा आणि त्यातलं थोडं थोडं ओढून घ्यायचा. रूपाच्या मुठीत काडीएवढाच उजेड उरला होता.

"पोरांचं पुरत नाय मला," बन्सी म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता.

धोंडिबा त्याच्यासमोर बसले. "माझ्याकडं चाळीस वर्षांचं साठलंय. कुणी वापरलेलं नाय. ते घे अन् पोरं सोड."

"आबा, नका देऊ," रूपा म्हणाली.

त्यांनी हात पुढं केला. बन्सीनं तो धरला आणि डोळे मिटले. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "एवढं सगळं एकटाच ऐकत होतास व्हय?" तो जमिनीला कान लावून आडवा झाला. मुलं उठून गेली तरी त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांनाही तो तसाच सापडला.

परतताना धोंडिबांना काहीच ऐकू येत नव्हतं. कुठल्या फाट्याला वळायचं ते कळेना, त्यात बॅटरीही विझली. मग रूपा मूठ उघडून पुढं झाली. पाणी कुठून येतं ते सांगणाऱ्या खुणा भिंतींवर होत्या, त्या बघत, श्रेयाला पाठुंगळी आणि शिवराजला हाताशी घेऊन ते सगळे भर दुपारी बाहेर आले.

पण मुठीतल्या उजेडाची गोष्ट बाहेर फुटली आणि रूपाला बघायला लोक यायला लागले. कुणी मोबाइल धरायचं, कुणी पोर पायावर घालायचं. महिन्याभरात सरितानं फुलंब्रीला भावाकडं जायचं ठरवलं. टेम्पोत सामान चढवून ती धोंडिबांच्या पाया पडली. "या की मामा तिकडं," म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत ते गेले. हे त्यांनीच मला सांगितलं, मी पहिल्यांदा त्यांच्या उंबऱ्यावर टेकलो तेव्हा. लांबून त्यांना रूपा दिसली, पोरींबरोबर लंगडी खेळत होती. ते जवळ गेले नाहीत. स्टँडवर चहा घेतला आणि पुढच्या एसटीनं परत आले.

"एवढं गेलात तर भेटायचं तरी," मी म्हणालो.

"मला बघितलं की तिला ती खोली आठवंल," ते म्हणाले. "लई दंगा चालला होता तिचा. बरं वाटलं."

मग ते उठले, आणि आत जाऊन एका माणसाच्या भाताला पाणी ठेवलं.