मापात राहिलेली बारूद

अर्डिस हॉगन तळघरात उतरली, दिव्याची दोरी ओढली आणि कामाच्या बाकाशी जाऊन थबकली. बाकाच्या कडेला घट्ट बसवलेल्या बारूद मोजायच्या मापाच्या काचनळीत बारूद होती. करडी, बारीक तुकड्यांची, जवळजवळ अर्धी नळी. बाकावर डबा मात्र नव्हता.

काय झालंय ते तिच्या ध्यानात हळूहळू आलं, भिंतीत ओल चढते तसं. तिनं कपाट उघडलं. दोन्ही डबे आपापल्या जागी उभे होते, झाकणं घट्ट लावलेली, नावाची बाजू पुढे केलेली. मग नळीतली बारूद यांतल्या कोणत्या डब्यातली?

या बाकाचा एक रिवाज होता. एका वेळी एकच डबा बाहेर काढायचा, आणि नळीत बारूद असेतो तो शेजारी उभा ठेवायचा. काम संपलं की नळी त्याच डब्यात रिकामी करायची, डबा कपाटात, मग बाक पुसायचा, मग दिवा. डब्यावेगळी झालेली बारूद म्हणजे नाव-गाव हरवलेला माणूस. तिला घरात ठेवायचं नाही आणि कुणाच्या बंदुकीत तर मुळीच भरायचं नाही. हे तिनं स्वतःच घरातल्या सगळ्यांना सांगून सांगून त्यांचे कान किटवले होते.

मोन्टानाच्या या गव्हाच्या पट्ट्यात बंदूक नाही असं घर नाही, पण स्वतः काडतुसं भरणारी घरं थोडी. हॉगनांच्या घरात ते काम अर्डिसकडे आलं, कारण तिचा नवरा ऑर्विल उतावळा होता आणि ते त्यालाही ठाऊक होतं. ती दिवसा शाळेची बस चालवायची, आणि संध्याकाळी इथं बसून वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुसायची, त्यांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टिकल्या बसवायची, मापाची मूठ फिरवून बारूद सोडायची, वर गोळी दाबायची. कपाट ऑर्विलनं केलं होतं, पाइनच्या फळ्यांचं, कुलपाचं. लोखंडी पेटीत का ठेवत नाही, असं नवखा माणूस हटकून विचारी. बारूद लोखंडात कोंडली आणि घराला आग लागली, तर ती पेटीच बॉम्ब होते; लाकूड आधी उकलतं आणि तिला वाट देतं. टिकल्या समोरच्या भिंतीवर, बारुदीपासून लांब, त्यांच्या मूळ खोक्यांत. पाणी तापवायची टाकी आणि भट्टी भिंतीपलीकडे. हे सगळं तिच्या हातांत मुरलेलं होतं. आता ऑर्विल नव्हता आणि हातांचाही भरवसा राहिला नव्हता.

ती स्टुलावर बसली आणि आठवायला लागली. मागच्या आठवड्यात तिनं दोन प्रकारची काडतुसं भरली होती. दिराच्या, मर्लच्या, छोट्या रायफलची, कोल्हे हाकलायला. आणि मुलाच्या, कर्टच्या, मोठ्या रायफलची, एल्क हरणाच्या शिकारीसाठी. दोन्हींची बारूद वेगळी, दिसायला मात्र एक. कोल्ह्यांची झटकन जळणारी. ती मोठ्या पुंगळीत भरली गेली असेल तर रायफल फुटणार, आणि फुटणार ती कर्टच्या गालाशी. आधी कोणती भरली? मध्ये नळी रिकामी केली का? फोन वाजला होता का? तिला बाक आठवत होता, दिवा आठवत होता, हातातली मूठ आठवत होती. डबा आठवत नव्हता. आठवणीत त्या जागी नुसता प्रकाश पडलेला होता.

कर्ट रविवारी चर्चनंतर आपल्या काडतुसांचं खोकं घेऊन गेला होता. उद्या तो नदीकाठच्या घळींत तंबू टाकायला निघणार होता.

वर दार वाजलं. मर्ल रोज या वेळी कॉफीला यायचा, दार वाजवायचा आणि कुणी उघडायच्या आत आत शिरायचा.

"वहिनी! जिवंत आहेस का?"

"खाली आहे. तू वरच थांब, मी येते."

तिनं कॉफी ओतली आणि सगळं सांगून टाकलं. मर्लनं कप खाली ठेवला.

"म्हणजे माझ्या काडतुसांच्या डबीतही गडबड?"

"असली तर तुझ्यात उलट, संथ जळणारी गेली असेल. बार धड उडणार नाही. बंदूक नुसती खोकेल."

"माझ्यासारखीच की! मग कोल्ह्यांना काय, रोजचंच."

"मर्ल, डबी परत आण. आजच."

"आणतो गं. पण कर्टला काय सांगणार?"

तिची नजर चुलीकडे गेली. उन्हाळ्यात तिनं चुलीवर पातेलं ठेवलं आणि ती मागच्या अंगणात जाऊन बसली, तेव्हा पडदा जळाला होता. कर्ट ओरडला नाही. त्यानं नवा पडदा लावला आणि शिडीवरूनच म्हणाला होता, आई, आणखी एकदा असं काही झालं, तर मात्र आपण गावातल्या त्या वृद्धांच्या घराचं बघू. तिथं खोल्यांना चूल नसते. तळघर नसतं. लोक खिडकीशी बसतात आणि वाहनतळाकडे बघतात.

"पुंगळ्या जुन्या निघाल्या म्हण," मर्ल म्हणाला. "तोंडाशी चिरा पडल्यात म्हण. खोकं परत येईल आणि तूही इथंच राहशील. कुणाचं काय बिघडलं?"

"खोटंच ना ते."

"वहिनी, माझ्या स्वयंपाकाला तू गेली कित्येक वर्षं चांगला म्हणतेस. ते काय होतं मग?"

तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचासुद्धा शीण आला. तिनं फोन लावला. पलीकडे वारा होता आणि कर्ट काहीतरी ट्रकमध्ये आदळत होता.

"कर्ट, ते खोकं परत आण रे. पुंगळ्या जुन्या आहेत. मला शंका आहे."

"आई, सगळ्यात तळाशी बांधलंय ते. आणि पुंगळ्या मी पाहिल्यात, चकचकीत आहेत. एकदा उडवायला काय होतंय त्यांना?"

"नको वापरूस म्हणते ना."

"तू ना, उगीच काळजी करतेस. तुझ्या काडतुसांनी आजवर कधी दगा दिलाय? बाबा गेले तरी तुझी काडतुसं तशीच आहेत. ठेवू का? दोर सुटतोय इकडे."

मर्ल टेबलावर बोटांनी खुणा करत होता, पुढे बोल, आणखी काहीतरी सांग. अर्डिसनं त्याच्याकडे पाठ केली. ही थाप एवढीच पुरणार होती. तिच्या हातावर मुलाचा विश्वासच इतका होता, की तो विश्वासच त्याला मारणार होता.

"कर्ट, ऐक. मी त्यात कोणती बारूद भरलीय ते मला आठवत नाही."

पलीकडची आदळआपट थांबली.

"नळी भरलेली राहिली. डबे दोन्ही आत होते. कोल्ह्यांची असेल, तुझी असेल. मला माहीत नाही. बसून बसून आठवलं, नाही आठवत."

"आलो," कर्ट म्हणाला. त्यानं फोन ठेवला.

तो आला तेव्हा मर्ल आपली डबी टेबलावर ठेवून निघून गेला होता. कर्ट खोकं आणि ती डबी घेऊन, बूट न काढताच तळघरात उतरला. तिनं त्याला आधी बूट पुसायला लावले आणि मग स्वतः बाकाशी बसली. एकेक काडतूस दाबयंत्रात धरून तिनं गोळ्या उपसल्या. बारूद वाडग्यात पडत गेली. कर्टनं ती दिव्याखाली धरली, मग नळीतली धरली, मग दोन्ही डब्यांतली. सगळीकडे तोच करडेपणा.

"बरोबरही असेल, आई. कदाचित तू काहीच चुकली नसशील."

"असेल."

"मग कळणार कसं?"

"नाही कळणार. वाडग्यातली, नळीतली, दोन्ही नेऊन गवतावर पातळ पसर. ढीग करू नकोस. खत होईल, पावसात जिरेल."

तो वर जाऊन आला. येताना केसांवर थंडी घेऊन आला. त्यानं कपाटाच्या दारावरून हात फिरवला. मग म्हणाला, "दुकानातून तयार काडतुसं घेतो मी. शिकारीचा सीझन संपला की आपण बोलू."

"सीझनपर्यंत कशाला थांबतोस? आत्ताच बोल. मी दमलेय, कर्ट. बोलणं व्हायचं बाकी आहे, याचाच जास्त शीण होतो."

कर्ट कपाटाचं कुलूप बोटांनी चाळवू लागला.

"बरं, मग मी बोलते," ती म्हणाली. "हे सगळं आज तुझ्याकडे ने. कपाटही ने, स्क्रू काढ त्याचे. गॅरेजमध्ये ठेवू नकोस, उन्हाळ्यात तिथं भट्टी होते. बंदुकांच्या लोखंडी तिजोरीत तर नाहीच. डबे वेगळे, टिकल्या वेगळ्या, एका खेपेत दोन्ही नको. आणि दुकानातली काडतुसं आधी कागदी निशाण्यावर उडवून बघ, ती माझ्या काडतुसांसारखी लागणार नाहीत."

"आणि तू?"

"नाताळ इथंच करू दे. मग बघायला जाऊ ते घर. तू चालव, मी शेजारी बसेन."

कर्टनं मान हलवली. त्यानं डबे उचलले, दोन्ही हातांत एकेक, आणि अंड्यांची टोपली न्यावी तसा एकेक पायरी चढत गेला. ती स्टुलावर बसून राहिली. वर त्याची पावलं स्वयंपाकघरातून दाराकडे गेली, थांबली, परत आली. टिकल्यांसाठी तो पुन्हा खाली येत होता. एका खेपेत दोन्ही न्यायचं नव्हतं.