आधी जीभ, मग नमस्कार

धर्माजी मुकादम दगडाला आधी चाटायचे आणि मग, पटलं तरच, नमस्कार करायचे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मुकादम, नमस्कार आधी करावा ना?"

"देव हाय का धोंडा, ते आधी नको कलाया?"

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. कळव्याच्या मागच्या डोंगरात खडीची खाण काढायची होती. त्याआधी माती किती, मुरूम किती, कातळ किती खोल, हे पाहायला आम्ही चाचणीचे खड्डे खणत होतो. गडी धर्माजींच्या गावचे. हुकूम सोडणारा मी, बावीस वर्षांचा नवाकोरा ओव्हरसियर. डोक्यावर सोला हॅट, आणि डोक्यात तिच्यापेक्षा जास्त हवा.

तिसऱ्या खड्ड्यात आठ फुटांवर पहार ठण्णकन वाजली. मी तिथल्या तिथे वहीत शाईने लिहून टाकलं : आठ फुटांवर कातळ. खाण कुठून फोडायची ते याच नोंदीवरून ठरणार होतं. धर्माजी खाली उतरले. त्यांनी दगडाला जीभ लावली. जीभ चिकटली; त्यांच्या हिशेबी असा दगड वरून कुजलेला, पाणी पिणारा. हात काही जोडले गेले नाहीत.

"यो कातल नाय, सायेब. पावना हाय. मुरमान येऊन बसलाय."

"पाहुणा? मग वाजला कसा?"

"पावना बी बोलतो. म्हून घर त्याचा होत नाय."

त्यांच्याकडे जीभ होती, माझ्याकडे डिप्लोमा. मी हट्टाने दगडाच्या शेजारची बाजू खणायला लावली. दुसऱ्या दुपारपर्यंत खड्डा तेरा फूट झाला, आणि तो दगड, भाताच्या कणगीएवढा, एका भिंतीतून पोट काढून बाहेर आला. "डोंगराचाच आहे, दाखवतो," म्हणत मी शिडी उतरू लागलो.

"नको, सायेब."

पण वर पाच गडी बघत होते. इतके प्रेक्षक सोडून परत फिरायचं? मी उतरलो आणि झोकात पहार दगडाखाली खुपसली.

मुरूम गळला. आधी चिमूटभर, मग ओंजळभर. दगड कण्हल्यासारखा आवाज आला आणि त्याचं वजन पहारीवर उतरलं. शिडी दगडाच्या पलीकडे. तिथे जायचं तर त्याच्या पोटाखालून.

धर्माजी काठावर पालथे पडले. 'सायेब' गळून पडलं.

"हालू नको, पोरा. पहार काढू नको, तीच त्याला धरून हाय. हात सोर. हलूच."

मी एकेक बोट सोडलं. दहा बोटं इतकी जास्त असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. घमेल्याचा दोर खाली आला.

"काखेत घाल. आता डावा पाय. नुसता डावा."

मग चौघांनी ओढलं. माझं पोट काठावर टेकतं तोच खाली पहार सटकली. दगड धप्पकन बसला, मी उभा होतो नेमका तिथे. सोला हॅट खालीच राहिली होती.

"पावना जेवाया बसला," धर्माजी म्हणाले. आणि माझ्या काखेतला दोर सोडवू लागले.

चार वाजता ठाण्याहून मोठे साहेब आले. "तिसऱ्या खड्ड्यात काय?"

मी मुकादमांकडे पाहिलं. ते खाडीकडे बघत होते. "या सायेबांनीच सांगतला, अजून खोल जाव," ते म्हणाले.

फुकट मिळालेली अब्रू होती; घ्यायचा मोहही झाला. पण हॅट कुठे आहे ते सांगावं लागणारच होतं. मी नोंदीवर आडवी रेघ मारली आणि सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत. तेच जास्त लागलं.

खरा कातळ एकवीस फुटांवर लागला. धर्माजींनी या वेळी जीभ काढली नाही. म्हणाले, "आज तुमी."

मी वाकलो, चाटलं. गार, गुळगुळीत, जीभ अजिबात चिकटली नाही. मी उठलो, वळलो आणि हात जोडले.

"सायेब," धर्माजी घाईघाईने म्हणाले, "देव खाली हाय."

"ठाऊक आहे," मी म्हणालो, आणि तसाच उभा राहिलो.