डोमाजीच्या भोंग्यातला सुपरहिरो

तेल्हाऱ्याच्या तंबू टॉकीजचा जाहिरातवाला म्हणजे डोमाजी. सायकलच्या दांडीला पोस्टर बांधायचं, पत्र्याचा भोंगा तोंडाला लावायचा आणि गाव पिंजून काढायचं. त्याचा बाप डफडं वाजवून गावची दवंडी द्यायचा, बदल्यात शिळ्या भाकरी घ्यायचा. छप्पन साली नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आल्यावर डोमाजीनं ते डफडं पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं.

कोणी टोमणा मारलाच, "काहून बे, दवंडी सोडली म्हनत होता ना?" तर तो म्हणे, "थे गावची वेठ होती. हे नोकरी हाय, बापा."

बासष्टच्या हिवाळ्यात टॉकीजचे मालक मोरोपंत अकोल्याहून विलायती सिनेमा घेऊन आले. पोस्टरवर पाठीला चादर बांधून हवेत उडणारा गडी.

"याला सुपरहिरो म्हणतात," मोरोपंत म्हणाले. "पण इथं कोणाला कळणार? तू सांग, आभाळातून अवतार आला!"

डोमाजीनं भोंगा खाली ठेवला. "पंत, लाखो लोकायसंगं उभं राहून बोललो मी, अवतार मानत नाई म्हनून. तेच तोंड भोंग्याले कसं लावू?"

"मग दुसरा शब्द आण. नाही सापडला तर भोंगा माझा, रस्ता तुझा."

डोमाजीनं सायकल दामटली ती थेट खुशालराव गुरुजींच्या दारात. गुरुजी इंग्रजी वाचणारे. 'सुपरहिरो' ऐकून म्हणाले, "शब्द चित्रांच्या पुस्तकातला वाटतो ना? पण त्याच्या आधीचा शब्द हाय थो. पयल्या महायुद्धाच्या वक्ताले अचाट काम करनाऱ्या शिपायाले असं म्हनत. चादर मागाहून आली."

"म्हनजे मुळात मानूसच?"

"मानूसच. मराठीत महानायक म्हन. नाईतर वीरोत्तम."

"गुरुजी, वीरोत्तम म्हनता म्हनता माही सायकल गल्ली ओलांडून जाईन!"

घरी बायको दुर्गाबाई भाकरी थापत होती. "पहिलवान म्हना."

"पहिलवान उडते काय?"

"बहाद्दर?"

"घोड्याचं नाव वाटते."

"करते काय तुमचा थो?"

"अडकल्याले सोडवते. हाक मारली का येते."

"हाक मारल्यावर येनारा गडी म्या एकच पाह्यला," दुर्गाबाई हसली. "माह्या बाळंतपनाले भर पुरात बैलगाडी घेऊन आला थो शेजारचा देवमन. तुमी तं बाजारात होते. त्याले मी अडीनडीचा मानूस म्हनतो."

डोमाजीनं हाच शब्द मोरोपंतांना सांगितला. पंतांनी नाक मुरडलं. "अशानं तिकिटं खपतात होय?" भोंगा उचलला आणि स्वतः टांग्यात बसून गावभर ओरडले, "अवतार आला हो, अवतार!"

तंबू फुटेस्तोवर गर्दी. बायांच्या हाती नारळ, हळदकुंकू. चपला बाहेर. आणि पडद्यावर कोण, तर साहेबाला ठोसे मारणारा उडाणटप्पू! चतुराबाई म्हातारी मध्यंतरापर्यंत हात जोडून बसली, मग उठली. "हा पायजम्यावरून चड्डी घालते काहून?" तिनं कुंकवाचं ताट मोरोपंतांच्या हाती दिलं. "घ्या, तुमीच ओवाळा याले." तिच्यामागं अर्धा तंबू उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मोरोपंतांनी भोंगा डोमाजीपुढं धरला.

"ना देव, ना भूत!" डोमाजीचा आवाज बाजारावरून गेला. "तुमच्या-आमच्यावानी मानूस! हाक मारली का येनारा, अडीनडीचा मानूस! सांजच्या साडेसहाले!"

एरवी मारामारीच्या सिनेमाला बाया फिरकत नसत. त्या दिवशी बायांच्या बाजूला बसायला जागा उरली नाही. "हाकेले येनारा गडी दिसते कसा, थे तं पाहू द्या!" म्हणत आल्या. तो उडत आला की टाळ्या, आणि आपापल्या नवऱ्याकडे वळून एकेक तिरपा कटाक्ष. चतुराबाईही पुन्हा आली होती, या खेपेला रिकाम्या हातानं.

तंबूच्या दाराशी मोरोपंतांनी डोमाजीला पान दिलं आणि बसक्या आवाजात म्हणाले, "भोंगा तुझाच. पण पुढच्या शुक्रवारी पुराणातला सिनेमा लागतोय. त्याचं काय करशील?"

"नाव सांगीन, येळ सांगीन," डोमाजी पान गालात सारत म्हणाला. "बाकीचं टांग्यातून तुमी सांगा."

मोरोपंत काहीतरी म्हणायला गेले. पण कालच्या ओरडण्यानं बसलेल्या घशातून आता नुसती हवाच बाहेर आली.