सोऱ्याची बंदूक

अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात चकलीच्या सोऱ्यापासून बंदूक बनवणारी मी एकटीच बाई. ज्याला शंका असेल त्याने संगमेश्वरात उतरावं, आमच्या गावची एसटी धरावी आणि देवळापाशी कुणालाही विचारावं. सांगणारा थोडं वाढवून सांगेल. मी वाढवत नाही. मला कधी गरजच पडली नाही.

मे महिन्यात मुंबईकर गावी आले की आमच्या देवळात वार्षिक पूजा होते आणि पूजेला कार्यक्रम. रात्री पुरुषांचं नमन. आधी गण, मग गवळण, मग वग, आणि सगळ्यात काम करणारे पुरुषच. गवळणीसुद्धा तेच होतात. लोटे एमआयडीसीला कंपनीत तीन पाळ्यांत राबणारा माझा नवरा एका वर्षी माझाच शालू नेसून गवळण झाला होता, आणि माझ्यापेक्षा बरा दिसला होता हे मी मान्य करते. शालूला पडलेलं भोक मात्र अजून मान्य केलेलं नाही. बायकांनी काय करायचं, तर दुपारी रांगोळी काढायची आणि रात्री डाव्या बाजूच्या सतरंजीवर बसून पाहायचं.

माझ्या सासूबाईंनी आधी माहेरी, मग इथे, असं सत्तर वर्षं पाहिलं. वगातले संवाद त्यांना इतके पाठ होते की नट विसरला तर त्या खालून पुरवायच्या, आणि नट विसरला नाही तरी पुरवायच्या. गेल्या वर्षी पडवीत बसून आम्ही दोघी कोकमासाठी रातांबे फोडत होतो. हात लालभडक, माश्या घोंघावतायत, आणि त्या मध्येच म्हणाल्या, "मला एकदा वर उभं ऱ्हायचाय गो. हुकूम सोडायचाय."

घरात गेली पन्नास वर्षं त्या जे सोडत आल्या ते काय होतं, हे मी विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नव्हतं. रातांब्याकडे बघत बोलल्या होत्या. ज्या बाईने आयुष्यात मीठसुद्धा मागितलं नाही, सरळ "मीठ" असं म्हणून हात पुढे केला, तिने हे मागितलं होतं. मग मी हात पुसले आणि नाटक लिहायला बसले.

नाटक असं की आमच्या कातळावर आभाळातून तबकडी उतरते आणि आतले हिरवे लोक हापूसची कलमं मुळासकट उपटून न्यायला लागतात. त्यांच्या सेनापतीकडे एक भयंकर बंदूक. सेनापती अर्थात सासूबाई. बाकी पात्रं बचत गटातली. ज्या बाईला संवाद पाठ होत नव्हता तिला आम्ही कलम केलं.

देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष माझा चुलत दीर. तो मुंबईला असतो, मेमध्ये येतो आणि आल्या दिवसापासून गाव चालवतो. नाही म्हणायची त्याची पद्धत फार गोड आहे. त्याने आम्हाला वेळ दिली दुपारी चारची. मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवात. त्या वेळेला आमच्याकडे कावळासुद्धा उडायचा असेल तर सावलीसकट उडतो. वर अट घातली: विज्ञानाचं नाटक आहे, तर बंदूक विज्ञानाची दिसली पाहिजे. आदल्या दिवशी कमिटीला दाखवायची. हसू आलं तर नाटक रद्द आणि त्या वेळात वेशभूषा स्पर्धा. त्यापेक्षा वहिनी, मी मुंबईहून बंदूक भाड्याने आणतो, माझी ओळख आहे, असंही म्हणाला.

त्याची बंदूक आली असती तर नाटकही त्याचंच झालं असतं. पुढची वीस वर्षं गावात "अध्यक्षांनी बायकांचं नाटक केलं" हेच ऐकायला लागलं असतं. मी सांगितलं, भावोजी, ओळख जपून ठेवा, बंदूक घरी होईल.

बंदूक घरी कशी होते ते आता ऐका. आधी नळी पाहिजे. प्लास्टिकचा पाइप लावून पाहिला, तर तो बंदुकीपेक्षा न्हाणीघराची आठवण करून देत होता. मग फळीवरचा सोऱ्या दिसला. सासूबाईंच्या माहेरचा, पितळेचा. उभा धरला तर भांडं आणि आडवा धरला तर तोफ. तोंडाला चकलीची चांदणीवाली चकती तशीच ठेवली. मुठीला आंब्याच्या फवारणी पंपाची जुनी गन. तिचा वॉशर गेला होता, पण खटका असा कडक की दाबला की समोरचा आपोआप एक पाऊल मागे जाई. नेम धरायला वर कुकरची शिट्टी. दोन्ही बाजूंना कानासारख्या चहाच्या गाळण्या. मागे इडलीपात्राच्या तीन थाळ्या, एकाआड एक. पोटात गणपतीच्या मखरातली दिव्यांची माळ आणि जुन्या सायकलचा सेलवर चालणारा भोंगा. हे सगळं नळाची गळती बुजवायच्या लांबीने चिकटवलं आणि सायकलच्या ट्यूबचे पट्टे काढून करकचून आवळलं. मग चिंच लावून पितळ असं घासलं की पलीकडच्या वाडीतून निरोप आला, जरा आत ठेवा, म्हशी बिथरतायत.

त्या आठवड्यात नवरा सुट्टीला घरी आला. फडक्याने गाळलेला चहा प्यायला आणि गाळणी कुठे गेली म्हणून विचारलं. अंतराळात, म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. शालू प्रकरणापासून तो सावध असतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर कमिटी बसली. मी बंदुकीवरचं फडकं काढलं. पाच मोजेपर्यंत सगळे गप्प होते. आठपर्यंत कुणी हसलं नाही तर जिंकलो, असं मी मनात ठरवलं होतं. सहाव्याला कुणीतरी म्हणालं, "हा सोऱ्या ना?" आणि मग सगळे फुटले. एक जण म्हणे गाळणी आमच्याकडे पण हीच आहे. दुसरा म्हणे सेनापती शत्रूला मारणार की चकल्या पाडून देणार. अध्यक्ष सगळ्यात शेवटी हसला, पण सगळ्यात जास्त वेळ हसला. मग डोळे पुसून म्हणाला, वहिनी, अट तुम्हाला माहीत होती.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला, एवढंच. एरवी ती बाई बोलली नाही तर आजारी आहे असं समजून आम्ही डॉक्टर बोलावतो. ते पाहून माझ्या डोक्यात जे काय पेटलं त्यावर एक मण तांदूळ शिजला असता.

मी म्हटलं, सोऱ्या आहे तर सोऱ्या आहे. गाळणी आहे तर गाळणी आहे. उद्या नाटकातही ते लपवायचं नाही. बंदूक त्या हिरव्यांची नाहीच. हिरवे लोक उतरतात तेव्हा गावातले पुरुष मुंबईला असतात, कारण ते नेहमीच तिकडे असतात, आणि बायका घरात जे हाताला लागेल त्यातून बंदूक करतात. मग ती सोऱ्याचीच दिसणार, हसायची अट कसली? सेनापती आमची आहे. उभ्या उभ्या अख्खं नाटक मी उलटं केलं. सासूबाईंना तर ते जास्तच आवडलं, कारण आता तोंडाला हिरवा रंग लावायचा नव्हता.

अध्यक्ष हुशार माणूस. म्हणाला ठीक, पण देवीपुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलं शस्त्र रंगमंचावर चढत नाही. हे खरं आहे. नमनातल्या लाकडी तलवारी, गदा, सगळं सकाळी गुरव देवीपुढे मांडतो, नारळ फोडतो, गाऱ्हाणं घालतो. आणि एकदा गाऱ्हाणं झालं की काम संपेपर्यंत ते शस्त्र उघडायचं नाही, सोडवायचं नाही. पूर्वी कुणी तरी तलवारीची मूठ बदलली तर त्याचा आवाज असा बसला की उरलेला जन्म तो खुणांनी भांडला. अध्यक्षाला वाटलं, आमचा म्हातारा गुरव सोऱ्याला हात लावणार नाही.

सकाळी गुरवाने बंदूक उलटसुलट पाहिली आणि विचारलं, ही कुणाला मारायला? मी सांगितलं, आभाळातून येऊन हापूस नेतात त्यांना. गुरवाची बारा कलमं आहेत आणि दरसाल त्यातली निम्मी वानर खातात. त्याने बंदूक मधोमध ठेवली. तलवारी बाजूला सरकवल्या.

"बा देवी म्हाराजा," त्याने सुरू केलं, "आज तुझ्या लेकींनी सोऱ्याची, गाळणीची, पंपाची जी काय बंदूक केली हाय, ती तुझ्या पायाशी ठेवली हाय. जो कोन आभाळातून येल नि आंब्याला हात लावील, त्याला आल्या वाटेनं परत धाड. आनि ह्या बायांच्या कामात जो कोन खो घालील, त्याला वाटेतून बाजूला कर म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. अध्यक्षालाही म्हणावं लागलं. गाऱ्हाण्याला गप्प बसायची आमच्याकडे कुणाची छाती नाही.

मग गुरवाने नारळ फोडला. एरवी तो शस्त्रांवर दोन थेंब शिंपडतो. पण पहिल्यांदा बायकांचं शस्त्र आलंय म्हणून मोठ्या मानाने त्याने अख्ख्या नारळाचं पाणी सोऱ्यात ओतलं. ते चकतीच्या चांदणीतून पाच धारांनी बाहेर आलं. आत भोंग्याने एकदा "कुंईं" केलं आणि तो गेला. लाकडी तलवारीला नारळाचं पाणी बाधत नाही. आमच्या देवीपुढे आजवर ठेवलेल्या एकाही शस्त्रात सेल नव्हते, म्हणून गुरवाच्या लक्षात आलं नाही आणि लाजेची गोष्ट म्हणजे माझ्याही नाही. आता उघडून सुकवायची, तर गाऱ्हाणं झालेलं. मी पट्ट्याला हात लावताच सासूबाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

"तसाच घे," म्हणाल्या. "देवीन प्यायलाय."

चार वाजता मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांचं नाटक पडणार हे बघायला लोक उन्हाला भीत नाहीत. पत्रा इतका तापला होता की खाली बसलेल्यांचं वजन उतरत होतं. तबकडी उतरली. हिरव्यांनी कलमं धरली. कलम झालेली बाई ठरलेलं नसताना ओरडली आणि टाळी घेऊन गेली. मग सासूबाई आल्या. नऊवारीचा काष्टा, कमरेला कोयती, हातात बंदूक.

त्यांनी नेम धरला आणि खटका दाबला. खट. दिवा नाही, भोंगा नाही. पुन्हा दाबला. खट. मागून कुणी तरी खुदकन हसलं. मग दुसरा. मी विंगेत होते आणि समोरच्या विंगेत अध्यक्ष. त्याचा हात पडद्याच्या दोरीवर गेला. अजून मला वाटतं, त्याला बिचाऱ्याला काकीची अब्रू राखायची होती. गोड माणूस आहे म्हटलं ना. पण पडदा पडला असता तर तो कायमचाच पडला असता.

सासूबाईंनी बंदूक हिरव्यांवरून काढली आणि त्याच्यावर रोखली.

"दोरीला हात लावशील तर बघ," म्हणाल्या, मोठ्याने, सगळ्यांदेखत. "मी हाय अजून."

त्याने हात काढला. आणि मग त्या वळल्या, सोऱ्या हिरव्यांकडे केला आणि ओरडल्या. आमच्या बागेत वानर आले की त्या ओसरीवरून जी हाळी देतात, ती. आधी खालून गुरगुरत येते, मग फाटते, आणि मग डोंगराला लागून परत येते. मी वीस वर्षं ती ऐकतेय, तरी माझ्या हातातलं संवादांचं बाड पडलं. हिरवे नाटक विसरून खरेखुरे पळाले. त्यातली एक थेट घरी गेली. पुढच्या रांगेतल्या सरपंचांची खुर्ची मागे कलंडली. देवळामागच्या फणसावरून खरे वानर उतरले आणि नदीपार गेले. तिकडे लोट्याला नवऱ्याच्या कंपनीतल्या लोकांनी भोंगा समजून पाळी सोडली असं पुढे कुणी सांगितलं. त्याची खात्री मी देत नाही. वानरांची देते.

टाळ्या थांबायला वेळ लागला. अध्यक्ष माइकवर आला आणि मोठ्या मनाने म्हणाला, महिला मंडळाचं कौतुक, पुढच्या वर्षीही दुपारी त्यांना अर्धा तास देऊ. आणि आता रंगमंच मोकळा करावा, नमनवाल्यांना सामान लावायचंय.

सासूबाई खुर्ची ओढून रंगमंचाच्या मधोमध बसल्या. बंदूक मांडीवर.

नमनवाले मृदंग घेऊन कडेला उभे राहिले. अध्यक्ष जवळ गेला आणि काकी, उठा ना आता, असं हळूच म्हणाला. त्या म्हणाल्या, उठेन की, आधी तू पुढच्या वर्षीचा फळा आण. देवळात एक फळा असतो, त्यावर कार्यक्रम लिहितात. तो म्हणाला पुढचं वर्ष अजून लांब आहे. त्या म्हणाल्या मला घाई नाही. मृदंगवाल्याने मृदंग खाली ठेवला. खालून बायकांच्या सतरंजीवरून एक जण उठली आणि रंगमंचावर येऊन सासूबाईंच्या शेजारी मांडी घालून बसली. मग दुसरी. पाचवी वर चढल्यावर फळा आला.

त्याने लिहिलं: महिला मंडळ, नाटक.

सासूबाईंचा चष्मा घरी होता. मला म्हणाल्या, वाच गो. मी वाचलं.

"वेळ?" त्यांनी विचारलं.

त्याने खडू उचलला आणि चारचा आकडा काढायला घेतला. सासूबाईंनी बंदूक मांडीवरून नुसती थोडीशी उचलली.

त्याने पुसलं आणि लिहिलं: रात्री नऊ.