घट्ट चहाचे चार वाटेकरी

शनिवारी सकाळी हॅमिल्टनहून मॉन्ट्रियलला निघालो तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर पांढऱ्या सुती मोज्यांचे चार नवे जोड होते. दोन आमचे, दोन होणाऱ्या व्याह्यांसाठी. पहिल्या भेटीत शाल नाही, पेढे नाहीत आणि मोजे न्यायचे, हे माझ्या बायकोला, सुनंदाला, मुळीच पटलं नव्हतं. पण आमच्या लेकीची, प्रज्ञाची, सक्त सूचना होती. जपानी चहाच्या खोलीत स्वच्छ पांढऱ्या मोज्यांशिवाय पाय ठेवायचा नाही.

‘होणाऱ्या’ हा शब्द मी जरा घाईने वापरला. प्रज्ञा आणि निनाद यांनी आपलं लग्न कधीच ठरवलं होतं. आमचा होकार होता, निनादच्या आईचा, सुमनताईंचाही होता. निनादचे वडील मॉन्ट्रियलमधले निवृत्त हार्ट सर्जन. ते फोनवर म्हणायचे, “मुलगी गुणी आहे, पण...” आणि मग आमच्याकडच्या बर्फाची चौकशी सुरू व्हायची. आम्ही नागपूरचे बौद्ध. त्या ‘पण’पुढे काय येतं, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. निनाद बापाला सोडून लग्न करायला तयार होता, प्रज्ञा नव्हती. डॉक्टरांनी समोर बसून काय ते सांगावं, नाही तर हे लग्न नको, असं तिने ठरवलं होतं. त्यासाठीच तिने दोन्ही घरांना एकत्र बोलावलं होतं.

मी हॅमिल्टनच्या एका पोलादाच्या कारखान्यात पत्र्याची जाडी तपासतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून माझी लोकांशी भांडणं होतात. नोव्हेंबर लागायच्या आत विंटर टायर्स लावून झालेले होते, त्याबद्दल शेजारी हसले होते. किंग्स्टनच्या अलीकडे बर्फ भुरभुरायला लागलं, तेव्हा सुनंदाने माझ्याकडे बघितलं आणि मी शक्य तेवढ्या नम्रतेने गाडी चालवत राहिलो.

हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरला थांबलो, पोळीभाजी खाल्ली. जपानी पद्धतीने टाचांवर बसायची सवय नसेल तर सराव करा, असंही प्रज्ञाने कळवलं होतं. म्हणून पार्किंगशेजारच्या गवतावर मी गुडघे टेकून बसलो आणि सुनंदा घड्याळ लावून उभी राहिली. तेवढ्यात एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर आला. काय हरवलंय, कॉन्टॅक्ट लेन्स का, असं विचारत तोही माझ्याशेजारी गुडघ्यांवर उतरला आणि गवत चाचपायला लागला. काही हरवलेलं नाही, मी चहाची तयारी करतोय, हे खरं उत्तर मी दिलं. तो हळूच उठला, सुनंदाला ‘टेक केअर’ म्हणाला आणि गेला.

मॉन्ट्रियलमध्ये गाडी लावणं हा एक स्वतंत्र विषय आहे. खांबावर एकाखाली एक तीन पाट्या, तिन्ही फ्रेंचमध्ये आणि बाणांची तोंडं वेगवेगळीकडे. मी तिन्ही पाट्यांचे फोटो काढून प्रज्ञाला पाठवले. तिचं उत्तर आलं, “बाबा, मी तुमच्या मागेच उभी आहे.”

प्रज्ञा इथल्या विद्यापीठात तोकुगावांच्या काळातल्या जपानवर पीएचडी करते आहे. चारशे वर्षांपूर्वीचा समाज, उतरंड, कुणी रेशीम घालायचं, कुणाच्या घराचं फाटक केवढं, रस्त्यात कुणी कुणासाठी खाली बसायचं, असा सगळा विषय. त्यातही तिचं मुख्य काम चामडं कमावणाऱ्या लोकांवर आहे. त्यांनी कमावलेल्या चामड्याशिवाय सरदारांची चिलखतं होत नसत, पण त्यांची वस्ती वेगळी आणि त्यांच्या चुलीतला विस्तवही दुसरे घेत नसत. हे तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो, की हे शिकायला जपानपर्यंत जायची गरज नव्हती.

संशोधनासाठी म्हणून ती चहाचा विधी शिकायला लागली आणि मग तिला त्याची गोडी लागली. तिची शिक्षिका, म्हणजे सेन्सेई (गुरू), साठीच्या जपानी बाई आहेत. त्यांच्या घरामागच्या अंगणात लाकूड आणि मातीची एक छोटी खोली आहे. आज त्यांच्या देखरेखीखाली प्रज्ञा पहिल्यांदाच स्वतः चहा करणार होती. सुनंदाच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मुलगी चहा घेऊन येणार आणि मुलाचे आईबाप बघणार, म्हणजे कांदेपोहेच झाले की, असं ती मला कुजबुजत म्हणाली. प्रज्ञाने ते ऐकलं. ती म्हणाली, “हो. फक्त इथे बघायला येणारे सरपटत येतात.”

डॉक्टरसाहेब आणि सुमनताई आधीच येऊन बसले होते. डॉक्टर उंच, पोट सुटलेले, सूट-टाय आणि हातात काठी. मोजे दिल्यावर ते म्हणाले, “थँक यू. साइज कुणी सांगितला?” मी म्हणालो की निनादकडून बुटाचा नंबर घेतला आणि धुतल्यावर मोजे आटतात तेवढी सूट धरली. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. निनादला मात्र प्रज्ञाने घरीच थांबायला सांगितलं होतं, कारण खोलीत चारच पाहुणे मावतात.

खोलीचं दार बघायला आम्ही चौघेही खाली वाकलो. निजिरिगुची (सरपटत आत जायचं दार) म्हणजे भिंतीतली एक चौकोनी खिडकीच. नजरेनेच मापलं. उंची सव्वादोन फुटांच्या खाली, रुंदी त्याहून थोडी कमी. प्रज्ञा सांगत होती, की सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून आणि मान खाली घालूनच आत जावं लागे. माझी नजर डॉक्टरांच्या पोटावर गेली. दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम इंचभर मोकळीक. कारखान्यात असा माल मी परत पाठवला असता.

सेन्सेईंनी अदबीने सुचवलं, की वयस्क पाहुण्यांना मागच्या दाराने येता येईल.

“मागच्या दाराने मी आयुष्यात कुठे गेलो नाही,” डॉक्टर म्हणाले.

मागचं दार काय असतं, हे मला त्यांच्यापेक्षा जरा जास्त ठाऊक होतं. मी मोजे ओढत राहिलो.

आता पहिल्यांदा कोण जाणार, हा प्रश्न आला. मुलाकडचे म्हणून मी डॉक्टरांना म्हणालो, आधी तुम्ही. ते म्हणाले, छे, तुम्ही लांबून आलात. आमचं हे असं चालू असताना बर्फ पडायला लागलं. शेवटी तयारीसाठी आत गेलेल्या प्रज्ञाने आतून सांगितलं, की क्रम यजमान ठरवतो आणि तो ठरलेला आहे. पहिला पाहुणा बाबा, मग आई, मग सुमनताई, शेवटी डॉक्टरकाका. शेवटच्या पाहुण्याचं काम मोठं असतं, दार तोच बंद करतो. मोठ्या कामाचं ऐकून डॉक्टरांचा चेहरा थोडा सैल झाला.

आम्ही तिघे आत गेलो. डॉक्टर अर्धे आत आले आणि थांबले. पुढे येईनात, मागे जाईनात. त्यांचे दोन्ही तळहात चटईवर, मान वर आणि समोर गुडघ्यांवर मी. त्या उंचीवर माणसांचं बोलणं जरा खरं होत असावं.

“तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणत असाल, आय नो,” ते हळू आवाजात म्हणाले.

“आत्ता एवढंच म्हणतोय, की कोट काढायला हवा होता.”

मी त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांनी श्वास सोडला, मी ओढलं आणि ते आत आले. कोटाचं एक बटण बाहेर राहिलं.

मग प्रज्ञा आली. इतकी शांत प्रज्ञा मी कधी पाहिली नव्हती. घरी ती कप आपटून ठेवते. तिने पाणी घेतलं, हिरवी पूड घेतली आणि बांबूच्या घुसळणीने सावकाश घोटायला लागली. हा कोइचा (घट्ट चहा). सगळ्या पाहुण्यांना मिळून एकच वाडगा. पहिल्याने प्यायचं, जिथे ओठ लागले ती कड पुसायची आणि पुढच्याला द्यायचं. शेवटच्याने वाडगा पूर्ण रिकामा करायचा. साथीच्या दिवसांपासून बरेच लोक वेगवेगळे वाडगे देतात, पण आज जुनी पद्धत, असं सेन्सेईंनी सांगितलं.

म्हणजे आमचं उष्टं डॉक्टरांनी प्यायचं. हे प्रज्ञाने मला फोनवर सांगितलेलं नव्हतं.

मी वाडगा उचलला. चहा कसला, पालकाची दाट पातळभाजी, मीठ न घातलेली. एक घोट घेतला. नियमाप्रमाणे यजमानाने पहिल्या पाहुण्याला चव विचारायची असते आणि त्याने उत्तम आहे असं म्हणायचं असतं. प्रज्ञाने विचारलं. मी म्हणालो, “कडू आहे, पण गुठळी एकही नाही.” सेन्सेईंनी अर्थ विचारून घेतला आणि तोंडावर हात धरला.

चौघांत समान वाटे व्हायला हवे होते. पण मुलीकडच्यांनी आधी भरपूर पिणं बरं दिसत नाही, म्हणून मी दुसरा घोट नुसता ओठांना लावला. सुनंदाने तर चिमणीसारखी चोच बुडवली. सुमनताईंनी ‘बास बास’ करत वाडगा पुढे सरकवला. त्यामुळे डॉक्टरांच्या हातात आला तो जवळजवळ भरलेला वाडगा आणि त्याच्या कडेला तीन माणसांचे ओठ लागून गेलेले.

ते बघत राहिले. ‘मेडिकली स्पीकिंग’ असं काहीतरी ते म्हणतील आणि ते वावगंही ठरणार नाही, असं मला वाटलं. प्रज्ञा त्यांच्याकडे न बघता समोर बघत होती, पण तिच्या मानेची शीर मला दिसत होती.

“सगळं?” डॉक्टरांनी विचारलं.

“शेवटच्या पाहुण्याने सगळं संपवायचं, काका.”

त्यांनी वाडगा तोंडाला लावला. मधे दोनदा श्वास घेतला. संपल्यावर कड पुसली आणि वाडगा इतका अलगद खाली ठेवला, की ते सर्जन आहेत हे पहिल्यांदा पटलं. चेहरा मात्र एरंडेल प्यायलेल्या मुलासारखा होता.

बाहेर पडायला पुष्कळ वेळ लागला, कारण सगळ्यांच्याच पायांना मुंग्या आल्या होत्या. अंगणात मी प्रज्ञाला बाजूला घेऊन म्हणालो, की बघ, प्यायले. ती म्हणाली, “बाबा, नियमाने प्यायले. त्या काळचे सरदारही आत एका वाडग्यातून प्यायचे आणि बाहेर पडून तलवारी बांधायचे. आणि चामडं कमावणारे तर आतही नसायचे.” अभ्यास केलेल्या मुलीला खोटा धीर देता येत नाही. मी दिला नाही.

तोंडातला कडूपणा जात नव्हता. गाडीपाशी जाऊन मी पाण्याची बाटली काढली आणि तोंड लावूनच गटागटा प्यायलो. डॉक्टर काठी टेकत मागून आले. त्यांनी हात पुढे केला. सुमनताईंनी पर्समधली आपली नवी, सील न उघडलेली बाटली काढून धरली होती. ती जवळच होती. डॉक्टरांनी माझ्या हातातली घेतली.

आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं असेल तर माणूस पाणी वरून, हातभर उंच धरून पितो. त्यात सोवळं-ओवळं असेलच असं नाही, सवय असते. मी त्या उंचीची वाट बघत होतो. डॉक्टरांनी बाटलीला तोंड लावलं आणि ते लहान मुलासारखं, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग मिशी पुसत म्हणाले, “अहो, काय भयंकर कडू होतं ते. लग्नात प्लीज साधा चहा ठेवा. दूध-साखर घातलेला.”

सुनंदा मोज्यांची पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. प्रज्ञाने तोंड फिरवलं आणि ती खांबावरच्या फ्रेंच पाट्या वाचायला लागली, तिन्ही, अगदी बारकाईने.

परतीच्या वाटेवर सुनंदा पाहुण्यांची संख्या मोजत होती. मी तेवढं मोजत नव्हतो. डॉक्टरांच्या मनात काय बदललं, किती बदललं आणि ते टिकणार किती, हे मोजायचं गेज माझ्याकडे नाही. कदाचित माणूस नुसता तहानलेला असेल. पण तहान लागल्यावरसुद्धा न पिणारे, न पिऊ देणारे लोक आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. तेव्हा तहानेने प्यायलं असेल, तर तेही मी धरतो. कॉर्नवॉलजवळ मला तहान लागली आणि बाटलीत एक थेंब नव्हता. पुढच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत मी तसाच, कोरड्या घशाने, अगदी मजेत गाडी चालवत गेलो.